डिझेलची उमेदवारी

‘डिझेल’ हा शब्द आतां मराठींत इतका रुळला आहे कीं, तें मुळांत एका माणसाचें आडनांव आहे हें सांगूनही पुष्कळांना खरें वाटत नाहीं. शेतावरच्या पंपाला डिझेल लागतें, घाट चढणाऱ्या एस. टी. गाडीला डिझेल लागतें, कोळ्यांच्या होडीला डिझेल लागतें. आणि दर वेळीं बोलणाऱ्याच्या मनांत असतें तें तेल. माणूस तेलांत विरघळून गेला म्हणावयाचा! रुडॉल्फ डिझेल हें संपूर्ण नांव ज्यांना ठाऊक असतें, त्यांना बहुधा त्याची एक गोष्टही ठाऊक असते. विद्यार्थिदशेंत प्राध्यापकांचें व्याख्यान ऐकतांना त्याच्या डोक्यांत एक कल्पना चमकली. ती त्यानें वहीच्या समासांत टिपून ठेवली. पुढें तिचेंच इंजिन झालें. गोष्ट खोटी नाहीं. टीप खरोखरच लिहिली गेली. पण त्या टिपेंतलें इंजिन आजवर कोणीं बांधलेलें नाहीं, आणि जें इंजिन जगभर चाललें त्याचा त्या टिपेंत उल्लेखही नाहीं. टीप १८७८ सालची, इंजिन १८९७ सालचें. मधल्या एकोणीस वर्षांत एका अत्यंत हुशार विद्यार्थ्याचें जें शिक्षण झालें, त्याची ही हकीकत आहे.

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ चा, आणि तोही पॅरिसमधला. आईबाप मूळचे बव्हेरियाकडील जर्मन. वडील थिओडोर पुस्तकबांधणीचा धंदा शिकलेले. पॅरिसमध्यें ते चामड्याच्या शोभिवंत वस्तू तयार करीत. घराला लागूनच कारखाना, आणि तयार झालेला माल हातगाडीवर घालून गिऱ्हाइकांकडे पोंचविणें हें मुलाचें काम. सुटीच्या वेळीं त्याचे पाय वळत ते कला आणि हुन्नर यांच्या जुन्या संग्रहालयाकडे. तेथें क्यून्यो नांवाच्या फ्रेंच अधिकाऱ्यानें १७७० च्या सुमारास बांधलेली वाफेची गाडी ठेवलेली आहे. असलीं यंत्रें पाहावीं आणि त्यांचीं चित्रें काढावीं, हा या पोराचा नाद.

१८७० च्या जुलैमध्यें फ्रान्स आणि प्रशिया यांच्यांत युद्ध पेटलें आणि पॅरिसमधील जर्मन कुटुंबांना शहर सोडावें लागलें. डिझेल कुटुंब लंडनला गेलें. तेथें पोट भरण्याचीच पंचाईत, मग मुलाच्या शाळेची गोष्ट कोण काढणार? शेवटीं ऑग्सबर्ग येथील नातलगांकडे त्याला पाठविण्याचें ठरलें आणि बारा वर्षांचा हा मुलगा एकटाच उत्तर समुद्र ओलांडून जर्मनींत आला. ज्यांच्या घरीं तो राहिला ते ख्रिस्तोफ बार्निकेल तेथल्या धंदेशिक्षणाच्या शाळेंत गणित शिकवीत. याच शाळेंत त्याचें नांव घातलें गेलें. चौदाव्या वर्षीं त्यानें आईबापांना लिहून कळविलें कीं, आपल्याला इंजिनिअर व्हावयाचें आहे. मुलानें लौकर चार पैसे मिळवूं लागावें असें वडिलांचें मत होतें, आणि त्या घराची ओढग्रस्त पाहतां त्यांना दोष देतां येत नाहीं. पण १८७३ मध्यें मुलगा शाळेंत पहिला आला, त्याच गांवच्या औद्योगिक विद्यालयांत दोन वर्षें शिकला आणि १८७५ मध्यें शिष्यवृत्ती मिळवून म्यूनिकच्या पॉलिटेक्निकमध्यें दाखल झाला.

येथें या शाळांविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. त्या काळच्या जर्मनींत विद्वान म्हणजे लॅटिन आणि ग्रीक शिकून विद्यापीठांत गेलेला मनुष्य. धंदेशिक्षणाच्या शाळेंत जाणारा मुलगा दुय्यम समजला जाई; यंत्रविद्येच्या पदवीधराला डॉक्टर होण्याचा अधिकारदेखील प्रशियांत १८९९ पर्यंत मिळाला नव्हता. परंतु या दुय्यम शाळांत एक गोष्ट कसोशीनें शिकवीत, ती म्हणजे रेखांकन. वस्तु डोळ्यांपुढें नसतांना तिचा वरून, समोरून आणि बाजूनें दिसणारा आकार मापाबरहुकूम कागदावर उतरविणें, ही यंत्रविद्येची बाराखडी होय. आपल्याकडे चित्रकलेचा तास म्हणजे परीक्षा जवळ आली कीं गणिताला देऊन टाकण्याचा तास, ही समजूत अद्यापि गेलेली नाहीं. ऑग्सबर्गच्या मास्तरांना तें पटलें नसतें.

म्यूनिकच्या पॉलिटेक्निकची स्थापना १८६८ ची. तेथें यंत्रशास्त्र शिकविणारे प्राध्यापक कार्ल लिंडे यांचें स्वतःचें शिक्षण मोठें मौजेचें आहे. झ्यूरिकच्या पॉलिटेक्निकमध्यें क्लॉशियस, झॉयनर आणि रूलो यांच्यासारख्या दिग्गजांच्या हाताखालीं ते शिकले; पण १८६४ मध्यें विद्यार्थ्यांच्या एका चळवळींत सामील झाल्याबद्दल त्यांचें नांव काढून टाकण्यांत आलें. पदवी मिळाली नाहीं. मग केंप्टनजवळच्या एका कापसाच्या गिरणींत उमेदवारी, नंतर बर्लिनच्या बोर्झिग कारखान्यांत, नंतर म्यूनिकच्या क्राउस यांच्या रेल्वे-इंजिनांच्या कारखान्यांत काम, आणि तेथून थेट प्राध्यापकाची खुर्ची! अशा मनुष्याला केवळ फळ्यावरच्या शिक्षणानें समाधान कसें वाटावें? १८७५ च्या सुमारास लिंडे यांनीं पॉलिटेक्निकमध्यें यंत्रांची प्रयोगशाळा उघडली. जर्मनींत अशी प्रयोगशाळा त्यापूर्वीं नव्हती. विद्यार्थ्यानें इंजिनाचें चित्र पाहून थांबावयाचें नाहीं, तर तें चालवून त्याचा दाब, कोळसा आणि काम मोजावयाचें. डिझेल म्यूनिकला आला तो नेमका याच वेळीं.

लिंडे यांच्या १८७८ मधील एका व्याख्यानाचा विषय होता वाफेचें इंजिन. शंभर पोतीं कोळसा जाळला, तर त्यांतल्या सहापासून दहा पोत्यांइतकीच उष्णता चाक फिरविण्याच्या कामीं येते. बाकीची धुरांड्यावाटे, वाफेबरोबर आणि थंड करणाऱ्या पाण्यांतून निघून जाते. हा हिशेब ऐकून वर्गांतल्या इतरांनीं आंकडे वहींत उतरवून घेतले असतील. डिझेलनें ते उतरवून घेतले आणि समासांत स्वतःसाठीं एक काम टिपून ठेवलें: समतापी क्रिया व्यवहारांत आणतां येईल कीं नाहीं, याचा अभ्यास करावयाचा.

ही समतापी क्रिया म्हणजे काय? १८२४ मध्यें सादी कार्नो या फ्रेंच इंजिनिअरनें दाखवून दिलें होतें कीं, उष्णतेपासून जास्तींत जास्त काम करून घ्यावयाचें असेल तर उष्णता घेण्याचें काम सबंध वेळ सर्वांत वरच्या उष्णतामानालाच झालें पाहिजे, आणि सोडण्याचें काम सर्वांत खालच्या. म्हणजे नळकांड्यांतील हवेला उष्णता देत असतांना तिचें उष्णतामान वाढूं द्यावयाचें नाहीं. आलेली सारी उष्णता लगोलग दट्ट्या ढकलण्यांत खर्चीं पडली पाहिजे. मग हवा मुळांत तापावयाची कशानें? नुसत्या दाबानें. सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंपाचें बूड हाताला चटका देतें, तें ज्यांनीं अनुभविलें आहे त्यांना हें निराळें सांगावयास नको. हवा इतकी दाबावयाची कीं ती तेवढ्यानेंच रसरसून निघेल. मग तींत इंधन थेंबाथेंबानें असें सोडावयाचें कीं, तें जळेल, पण हवा आणखी तापणार नाहीं. कागदावर ही रचना निर्दोष आहे.

बंद नळींत दट्ट्या जोरानें मारून कापूस पेटविण्याचें एक लहानसें उपकरण त्या वेळीं शाळांतून दाखवीत. तें पाहून डिझेलला इंजिन सुचलें, अशीही आख्यायिका आहे. परंतु वहींतली टीप निराळें सांगते. आपोआप पेट घेण्याबद्दल तींत एक अक्षर नाहीं. त्या विद्यार्थ्याला ठिणगीवांचून पेटणारें इंजिन नको होतें. त्याला कार्नोचें गणित लोखंडांत उतरलेलें पाहावयाचें होतें. आज ज्या गुणामुळें डिझेल इंजिन ओळखलें जातें तो गुण त्याच्या दृष्टीनें ओघानें आलेला होता.

१८७९ च्या जुलैमध्यें शेवटची परीक्षा होती. ऐन वेळीं विषमज्वरानें डिझेलला गांठलें आणि परीक्षा हुकली. पुढची परीक्षा जानेवारींत. मधले महिने वायां घालविण्याऐवजीं तो स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथें सुल्झर बंधूंच्या यंत्रशाळेंत उमेदवारीला गेला. वाफेच्या इंजिनांविषयीं या कारखान्याची युरोपभर ख्याति होती. उमेदवाराच्या वांट्याला येणारें काम मात्र नांवाजलेल्या कारखान्यांतही वेगळें नसतें: शेगड्यांत लोखंड धरून कानस चालविणें, जोड बसविणें, बसला नाहीं तर पुन्हां घासणें. हें काम डिझेलनें केलें, पण कांहीं महिनेच. जानेवारी १८८० मध्यें तो म्यूनिकला परतला आणि परीक्षेंत त्यानें असें यश मिळविलें कीं, त्या संस्थेंत तोंपर्यंत तसें कोणालाही मिळालें नव्हतें.

परीक्षेंतला हा विक्रम आणि उमेदवारीचे ते थोडे महिने, हीं दोन मापें शेजारीं ठेवून पाहण्यासारखीं आहेत. ज्याला लिंडे यांच्यासारखीं तीन ठिकाणीं हात काळे करण्याचीं वर्षें लाभलीं नाहींत, त्याच्या मनांत कागदावरचें यंत्र आणि जमिनीवरचें यंत्र यांच्यांतलें अंतर फारसें मोठें नसतें. तें अंतर ठाऊक नसल्यामुळेंच तो पुढच्या साहसाला निघाला, असेंही म्हणतां येईल. जाणत्या फिटरानें त्या वाटेला पाऊलही घातलें नसतें.

याच सुमारास लिंडे यांनीं प्राध्यापकी सोडून बर्फ करण्याच्या यंत्रांची कंपनी काढली होती. आपल्या आवडत्या शिष्याला त्यांनीं पॅरिसमध्यें उभ्या राहत असलेल्या बर्फाच्या कारखान्यावर नेमलें, आणि वर्षभरांतच तो त्याचा संचालक झाला. यंत्रें विकणें, तीं गिऱ्हाइकाच्या जागेवर उभीं करणें, बिघडलीं तर जाऊन नीट करणें, असें दहा वर्षें चाललें. पोटाचा प्रश्न सुटला, १८८३ मध्यें लग्न झालें, मुलें झालीं. पण समासांतली टीप मनांतून जाईना. फावल्या वेळीं त्यानें वाफेऐवजीं अमोनियाच्या वाफेवर चालणारें इंजिन बांधण्याची खटपट आरंभिली. अमोनिया हा डोळे आणि छाती जाळणारा वायु. सांधा जरा सैल राहिला कीं माणसांनीं पळत सुटावें. कित्येक वर्षें या नादांत गेलीं आणि हातीं इंजिन लागलें नाहीं. लागला तो एक विचार: अमोनियाची वाफ जितकी दाबतां येते तितकी हवाच कां दाबूं नये? हवेंत तर इंधन जळूंही शकतें. १८९० मध्यें तो बर्लिनला राहावयास गेला तेव्हां हा विचार पक्का झाला होता.

२८ फेब्रुवारी १८९२ ला त्यानें पेटंटासाठीं अर्ज केला. तें त्याला पुढल्या वर्षीं मिळालें. जर्मन पेटंट क्रमांक ६७२०७. त्याच १८९३ सालीं त्याचें एक छोटें पुस्तक बर्लिनला छापून निघालें. तर्कशुद्ध उष्णतायंत्राची उपपत्ति आणि रचना हा त्याचा विषय. त्यांत हवा २५० वातावरणांपर्यंत दाबण्याची योजना होती, आणि उष्णतेचा शेंकडा ७३ भाग कामास लावण्याचें आश्वासन होतें. त्या वेळीं बॉयलरांत दहाबारा वातावरणांचा दाब म्हणजे पुष्कळ समजत! लिंडे, झॉयनर आणि लिंडे यांच्या जागेवर आलेले म्यूनिकचे प्राध्यापक मॉरिट्झ श्रोटर यांनीं ग्रंथाची वाखाणणी केली. गणितांत चूक नव्हतीच.

चूक होती ती गणितानें वगळलेल्या गोष्टींत. हवा एवढी दाबावयाची तर इंजिनानें मिळविलेल्या कामांतलें फार मोठें काम पुढच्या फेरीची हवा दाबण्यांतच परत घालावें लागणार. शंभर रुपये हातीं येण्यासाठीं पंचाण्णव आधीं गुंतवावयाचे, आणि दलालींत सहा जावयाचे, असा हा व्यापार. दलालीच्या जागीं येथें दट्ट्याचें आणि धारव्यांचें घर्षण. असें इंजिन बांधलें असतें तर तें जेमतेम स्वतःला फिरवितें, किंवा तेंही न करतें. १८९३ मध्यें पुस्तकाची शाई वाळते न वाळते तोंच हें डिझेलच्या ध्यानांत आलें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत त्यानें दुसरें पेटंट मागितलें. त्यांत उष्णतामान कायम ठेवण्याचा हट्ट सोडून दाब जवळपास कायम ठेवून इंधन जाळण्याला वाट करून दिली होती. समतापी क्रिया गेली. वहींतली टीप जिच्यासाठीं लिहिली गेली होती, तीच गेली. आणि हें त्यानें चारचौघांत मोकळेपणानें सांगितलें नाहीं, कारण पहिल्या पेटंटावर पुढचे सगळे करार उभे होते.

हे करार झाले होते ते ऑग्सबर्गच्या यंत्रशाळेशीं. ज्या गांवीं तो बारा वर्षांचा पोरका विद्यार्थी म्हणून आला त्याच गांवीं. कारखान्याचे मुख्य हाइनरिख बुझ यांनीं प्रथम नकार दिला होता. दाब पुष्कळ कमी करण्याचें कबूल केल्यावर ते तयार झाले. एसेनचे क्रुप यांनींही पैसा घातला. डिझेलची खरी उमेदवारी सुरू झाली ती येथें, वयाच्या पस्तिसाव्या वर्षीं.

पहिलें प्रयोगाचें इंजिन १८९३ च्या उन्हाळ्यांत उभें राहिलें. एकच नळकांडें, आंतला व्यास १५० मिलिमीटर, दट्ट्याची धांव ४०० मिलिमीटर. नळकांड्याला थंड करण्यासाठीं पाण्याचें वेष्टण नव्हतें. तें विसरलें नव्हतें. उपपत्तीप्रमाणें त्याची जरूरच नव्हती! सारी उष्णता कामांत जावयाची तर थंड कशाला करावयाचें? प्रथम कारखान्याच्या पट्ट्यानें इंजिन फिरवून नुसता दाब पाहिला, तर हवा ठिकठिकाणांहून गळूं लागली. दट्ट्याच्या कड्या, झडपा, सांधे, सगळें पुन्हां घासावें लागलें. विंटरथूरचे महिने पुन्हां आले, आणि या वेळीं ते संपेनात.

१० ऑगस्ट १८९३ रोजीं प्रथमच आंत इंधन सोडलें. हातचें म्हणून पेट्रोल वापरलें होतें. ठिणगीवांचून स्फोट झाला, दाब ८० वातावरणांच्या घरांत गेला, आणि दाब नोंदणारें उपकरण फुटून त्याचे तुकडे डिझेल आणि त्याचा सहकारी ल्यूसियन फोगेल यांच्या डोक्यांजवळून गेले. इंजिन चाललें नाहीं. पण नुसत्या दाबलेल्या हवेनें इंधन पेटतें एवढें ठरलें. इंजिन उतरवून नवें करावयास घेतलें.

त्यानंतरचा दिवस १७ फेब्रुवारी १८९४. इंजिन अद्यापि कारखान्याच्या पट्ट्यानेंच फिरवीत होते. सांगतात कीं, जवळ उभ्या असलेल्या लिंडर नांवाच्या फिटराचें लक्ष पट्ट्याकडे गेलें. पट्टा ज्या बाजूनें ताठ असावयाचा ती बाजू सैल पडली होती आणि दुसरी ताणली गेली होती. म्हणजे आतां कारखाना इंजिनाला फिरवीत नव्हता, इंजिनच कारखान्याच्या दांड्याला फिरवूं पाहत होतें. लिंडर कांहीं बोलला नाहीं. त्यानें डोक्यावरची टोपी काढली. मिनिटाला ८८ फेऱ्यांच्या वेगानें इंजिन सुमारें एक मिनिट स्वतःच्या बळावर फिरलें. ही खूण प्रथम ओळखली ती फिटरानें, पेटंटाच्या मालकानें नव्हे.

एक मिनिटाचें इंजिन दिवसभराचें करावयास आणखी तीन वर्षें लागलीं. तेल नळकांड्यांत शिरावें कसें, ही मुख्य अडचण. नुसता पंप मारून सोडलें तर त्याची बारीक फवार होईना. फवार झाली नाहीं तर अर्धवट जळून काजळी धरावी. शेवटीं तेल आंत उडविण्यासाठीं आणखी जोरानें दाबलेली हवा वापरली आणि ती देणारा निराळा पंप इंजिनाला जोडावा लागला. मध्येंच वायूवर प्रयोग झाले, रॉकेलची आधींच वाफ करून पाहिली. त्यांतल्या पुष्कळ वाटा बंद निघाल्या. आणि नळकांड्याला पाण्याचें वेष्टण चढवावें लागलें. लोखंडाला उपपत्ति ठाऊक नव्हती, तें तापलें.

१८९६ मध्यें नव्या इंजिनाचे नकाशे तयार झाले. ते काढणाऱ्यांत इमानुएल लाउस्टर हा तरुण रचनाकार होता. व्यास २५० मिलिमीटर, धांव ४००, शक्ति सुमारें २० अश्वशक्ति. १७ फेब्रुवारी १८९७ ला, म्हणजे लिंडरनें टोपी काढल्याला बरोबर तीन वर्षें झालीं त्या दिवशीं, म्यूनिकहून प्राध्यापक श्रोटर मापें घ्यावयास आले. ज्या संस्थेनें जानेवारी १८८० मध्यें डिझेलची परीक्षा घेतली, तिनें ती पुन्हां एकदां घेतली असें म्हणावयास हरकत नाहीं. उष्णतेचा शेंकडा २६.२ भाग कामांत उतरला. आश्वासन ७३ चें होतें. पण वाफेच्या इंजिनाला जें मिळत होतें त्याच्या अडीचपटींहून हें अधिक होतें. त्या जूनमध्यें कासेल येथें जर्मन इंजिनिअरांच्या परिषदेपुढें डिझेल आणि श्रोटर या दोघांनींही व्याख्यानें दिलीं, आणि परवाने घेण्यासाठीं कारखान्यांची रांग लागली. विंटरथूरच्या सुल्झर बंधूंनीं तर १८९३ मध्येंच करार करून ठेवला होता; आपला जुना उमेदवार त्यांना आठवत असला पाहिजे.

यश आलें तरी सुख आलें नाहीं. १८९८ मध्यें केंप्टनच्या आगपेट्यांच्या कारखान्याला पहिलें मोठें इंजिन विकलें, ६० अश्वशक्तीचें. त्यानें मालकाला आणि बांधणाऱ्यांना सारखेंच सतावलें. प्रयोगशाळेंत तज्ज्ञांच्या हातीं चालणारें यंत्र आणि कारखान्यांत साध्या कामगाराच्या हातीं चालणारें यंत्र यांत पुन्हां एक अंतर असतें, आणि तें काटण्यांत ऑग्सबर्गच्या माणसांचीं आणखी वर्षें गेलीं. तें कटलें मात्र कायमचें. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनांत ऑटो कंपनीनें एक लहान डिझेल इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविलें. पाहणाऱ्यांतल्या थोड्यांनाच तें समजलें. महाराष्ट्रांत या जातीच्या इंजिनांसाठीं किर्लोस्करांचा कारखाना पुण्याजवळ खडकीला १९४६ मध्यें निघाला. किर्लोस्करांच्या उद्योगाचा पाया घालणारे लक्ष्मणराव हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें एके काळीं यांत्रिक रेखांकन शिकवीत, हें येथें आठवतें. आज मोठ्या जहाजांवरचीं डिझेल इंजिनें उष्णतेच्या निम्म्याच्या आसपास भाग कामाला लावतात. १८७८ च्या वर्गांत हा आंकडा कोणीं सांगितला असता तर तो स्वप्नांतला वाटला असता.

आतां श्रेयाचा प्रश्न. १९१२ मध्यें बर्लिनला जहाजबांधणी-शास्त्रज्ञांच्या सभेंत डिझेलनें आपल्या इंजिनाचा इतिहास सांगितला, आणि त्यावर कडक टीका झाली. पुढच्या वर्षीं आखेनचे प्राध्यापक ल्यूडर्स यांनीं तर ‘डिझेलची दंतकथा’ अशा अर्थाच्या नांवाचें पुस्तकच काढलें. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, पेटंटांत जें होतें तें बांधतां आलें नाहीं, आणि जें बांधलें तें पेटंटांत नव्हतें. मग हा मनुष्य शोधक कसला? तपशिलांत ल्यूडर्स पुष्कळ अंशीं खरे होते. समतापी क्रिया टाकून दिली गेली होती, आणि ती टाकल्याचें उघडपणें न सांगण्यांत डिझेलचा दोष होता. पेटंटाच्या कागदावर एक आणि शेगड्यावर दुसरें, असा दुहेरी हिशेब त्यानें वर्षानुवर्षें ठेवला, आणि त्याचें व्याज त्याला म्हातारपणाच्या उंबरठ्यावर भरावें लागलें.

पण तेवढ्यानें निकाल लागत नाहीं. वाफेचीं इंजिनें बांधणारे शेंकडों जाणते कारागीर नव्वद पोतीं कोळसा वायां जातांना रोज पाहत होते आणि तें चालावयाचेंच असें धरून बसले होते. हें चालूं देतां कामा नये असें ज्याला वाटलें, तो वर्गांतल्या बाकावर बसलेला, ज्याचे हात अजून काळे झाले नव्हते असा वीस वर्षांचा विद्यार्थी होता. प्रश्न शाळेनें दिला. उत्तर मात्र शाळेंत नव्हतें. तें फोगेल, लिंडर, लाउस्टर आणि ज्यांचीं नांवें कोणाला ठाऊक नाहींत अशा ओतारी-लोहारांच्या हातांत होतें, आणि तें त्यांच्याकडून शिकून घेण्याइतकी चिकाटी डिझेलमध्यें होती. एकीकडे फुटलेल्या उपकरणाचे तुकडे, दुसरीकडे स्वतःच्याच छापील पुस्तकानें घातलेली पंचाईत. अशा स्थितींत चार वर्षें टिकून राहणें सोपें नाहीं. १९१३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या शेवटच्या पुस्तकांत त्यानें स्वतःच मान्य केलें कीं, कल्पना आणि तिची सिद्धि या शोधाच्या दोन निरनिराळ्या अवस्था आहेत, आणि सिद्ध झालेली वस्तु मूळच्या कल्पनेसारखी कधींच नसते. हें वाक्य त्यानें वीस वर्षें आधीं लिहिलें असतें तर!

तोंपर्यंत त्याची संपत्ति जमिनींच्या व्यवहारांत आणि कज्जेखटल्यांत बुडत चालली होती. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्रीं अँटवर्पहून हार्विचकडे जाणाऱ्या ‘ड्रेस्डेन’ बोटीवरून तो नाहींसा झाला. कांहीं दिवसांनीं समुद्रांत एक प्रेत सांपडलें. त्याच्यापाशीं मिळालेल्या वस्तु त्याच्या मुलानें ओळखल्या.

१८९७ सालचें तें इंजिन म्यूनिकच्या जर्मन संग्रहालयांत ठेवलेलें आहे. उंची सुमारें तीन मीटर, वजन साडेचार टन, नळकांडें एकच. नळकांड्याभोंवतीं पाण्याचें वेष्टण आहे.